बर्फ येईपर्यंत

सिंगापूरला मी सात वर्षं काढली आणि त्यातली निम्मी तरी लोकांच्या घरात काय शिजतं याच्या याद्या करण्यात गेली. नातेवाईकांना हे सांगितलं की ते हसतात. संख्याशास्त्रात पीएच.डी. केलेली मुलगी परदेशात जाऊन भाजी-आमटी मोजते, असं त्यांचं म्हणणं. मलाही कधी कधी हसू यायचं, पण ते पहिल्या दोन वर्षांत. पुढे हसायचेही कष्ट वाटायला लागले.

विद्यापीठात माझी नोकरी वर्षा-वर्षाच्या कराराची होती. करार वाढला तर सिंगापुरात राहायचा पास वाढणार आणि पास वाढला तर मी राहणार. वुडलँड्सला एका मराठी जोडप्याच्या फ्लॅटमध्ये मी एक खोली भाड्याने घेतली होती, कारण तिथे भाडं कमी होतं. नवरा-बायको दोघंही आयटीत. त्यांच्या मुलाशी मी मराठीत बोलायचे आणि तो मला ‘ओके लाह, आंटी’ म्हणून कटवायचा. वुडलँड्सहून विद्यापीठात जायला एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, आणि मग बस, असा सव्वा तास लागायचा. सकाळी उभ्याने जायचं, संध्याकाळी उभ्यानेच यायचं. मी अडतिशीची होते आणि पाय साठीच्या बाईसारखे दुखायचे.

आमचा प्रकल्प साधा होता. सिंगापूरच्या दक्षिणेला इंडोनेशियाची बारकी बारकी बेटं आहेत. त्यांतल्या तीन मासेमारी वस्त्यांपैकी एकीला एक देणगीदार संस्था बर्फ तयार करायचं यंत्र देणार होती. यंत्र एकच. सगळ्यात जास्त गरज कोणत्या वस्तीला आहे, एवढं आम्ही सांगायचं. दोन वस्त्या दुसऱ्या तुकडीकडे दिल्या होत्या आणि तिसरी माझ्या तुकडीकडे आली.

सिंगापूरहून फेरीबोटीने तासाभरात पलीकडच्या मोठ्या बेटावर उतरायचं आणि तिथून लाकडी बोटीने आणखी अडीच तास जायचं. पाण्यात रोवलेल्या खांबांवर तीस-बत्तीस घरं, त्यांना जोडणारी फळ्यांची वाट, एक मशीद, चौथीपर्यंतची शाळा आणि साबण, सिगारेटी, तांदूळ विकणारं एक दुकान, एवढी ती वस्ती. पुरुष मासे धरायचे. बायका मांदेलीसारखी बारीक मासळी उकळून जाळ्यांवर वाळत घालायच्या. त्या वासाची मला पहिले दोन दिवस मळमळ झाली, तिसऱ्या दिवशी तो येईनासा झाला.

वस्तीचं सगळं अडलं होतं ते बर्फापाशी. बर्फ शहरातून यायचा, तोही तौकेच्या बोटीतून. तौके म्हणजे दलाल, सावकार आणि दुकानदार, तिन्ही एकाच माणसात. भुशात गुंडाळलेल्या लाद्या येईपर्यंत निम्म्या वितळलेल्या असायच्या आणि ज्यांची मासळी तौकेला बांधलेली, त्यांनाच त्या मिळायच्या. बर्फ नसला की पहाटे धरलेला मासा दुपारच्या आत विकावाच लागतो, आणि दुपारच्या आत तिथे येणारं गिऱ्हाईक एकच, तौके. तो म्हणेल तो भाव. तुमचा मासा, तुमची मेहनत, भाव मात्र त्याचा.

म्हणून वस्तीतल्या बायका बाहेर जायच्या. कुणी मलेशियात, कुणी सिंगापुरात, घरकामाला. ज्या घरातली बाई बाहेर, ते घर लांबूनच ओळखू यायचं, कारण त्याच्या दर्शनी भिंतीला गुलाबी किंवा हिरव्या टाइल्स लावलेल्या असत. खांब कुजलेले, जमिनीच्या फळ्यांतून खालचं पाणी दिसतंय आणि पुढे मात्र टाइल्स. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो नसता थाट वाटला. नंतर कळलं की बाईने पाठवलेल्या पैशाचं काय झालं हे तिला परत आल्यावर दिसावं, म्हणून त्या लावायच्या.

तशीच एक परत आलेली बाई आमची दुभाषी झाली. मी तिला काक म्हणायचे. काक म्हणजे ताई. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण तीही मला काकच म्हणायची, कारण तिथे परक्या बाईला तसंच म्हणतात. दोघी एकमेकींच्या ताई, असा प्रकार होता. सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या एका फ्लॅटमध्ये तिने सहा वर्षं घरकाम केलं होतं. सिंगापूरचं इंग्रजी तिला माझ्यापेक्षा छान यायचं. कुठल्या ब्लॉकखाली भाजी स्वस्त मिळते, कुठला हॉकर, म्हणजे खाण्याच्या गाळ्यावरचा माणूस, म्हातारा झालाय आणि मीठ दोनदा घालतो, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. परत येऊन तिने लग्न केलं होतं आणि तिला तीन वर्षांची मुलगी होती. मुलगी सतत तिच्या पायाशी. आम्ही फळ्यांवरून या घरातून त्या घरात जायचो, तेव्हा काक एका हातात आमचे फॉर्म आणि दुसऱ्या हातात मुलीचा दंड धरून चालायची, कारण खाली पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर बसून तिने मला तिचा हिशेब सांगितला. हिशेब म्हणजे आकडे नव्हेत. “बर्फ आला तर मी कुठे जाणार नाही,” ती म्हणाली. “नवऱ्याचा मासा दोन दिवस टिकला तरी तो शहरात नेऊन विकू शकतो. मग आमचं भागतं. नाही आला, तर ही पाच वर्षांची झाली की मी परत सिंगापूर.”

“पाचच का?”

“पाचव्या वर्षी तिला समजावता येईल. आता गेले तर तिला वाटेल मी मेले.”

हे ती अगदी सहज, मासळीच्या भावाबद्दल बोलावं तसं बोलली. मी तिला म्हणाले की निर्णय माझ्या हातात नाही, मी फक्त माहिती गोळा करते. हे वाक्य मला प्रकल्पाच्या प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. ती मान हलवून म्हणाली, “हो हो, माहीत आहे. माहिती नीट गोळा करा म्हणजे झालं.”

आता मी काय केलं ते सांगते.

माझ्या आईचा एक नियम होता. कुणाच्या घरी कामाला म्हणून गेलं, तरी आधी त्यांच्या हातचं काहीतरी खायचं आणि मग कामाचं बोलायचं. दारात पाय ठेवल्या ठेवल्या वही काढणारा माणूस वसुलीला आलेला वाटतो, असं ती म्हणायची. मला ते पटलेलं होतं. शिवाय आमच्या कामातल्या कोरडेपणाचा मला वीट आला होता. अनोळखी माणसं घरात घुसून ‘तुमच्याकडे पंखा आहे का, शौचालय कुठे आहे’ विचारत सुटतात, तशी मला या वस्तीत जायची नव्हती. वस्तीनेही पाहुण्यांच्या जेवणाच्या पाळ्या लावल्या होत्या, म्हणजे आज या तीन घरी, उद्या त्या तीन घरी. मी त्याच पाळ्यांवर आमचं वेळापत्रक बसवलं. ज्या घरी आज जेवायचं, त्या घरी उद्या प्रश्न विचारायला जायचं. एक दिवस ओळख होते, घरातली बाई मोकळी होते, मग ती खरं सांगते, असा माझा हिशोब. तुकडीतल्या दोन तरुण मुलींना मी हे मोठ्या अभिमानाने समजावून सांगितलं होतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, ते इथून.

त्यात मी शाकाहारी. अंडं तेवढं खाते. पुण्यात यात सांगण्यासारखं काही नाही. मासळीवर जगणाऱ्या वस्तीत मात्र ते सांगताना मला फार अवघडल्यासारखं झालं. काकने ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा जमलेल्या बायका एकमेकींशी भराभर बोलायला लागल्या. एकीने मला काही आजार आहे का असं विचारलं. मी म्हणाले की मला भात आणि मिरचीची चटणी पुरेल, खरंच पुरेल. काकने तेही सांगितलं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

आणि मग अकरा दिवस मी जे जेवले, ते माझ्या खोलीवर सिंगापुरातही जेवत नव्हते. टोफू, सोयाबीनच्या वड्यांसारखं टेम्पे, चवळीच्या शेंगा नारळाच्या दुधात, पालकासारखी एक पालेभाजी, वांगी, अंड्याची लाल आमटी, वर पपई किंवा केळी. मी पोटभर खायचे आणि काकला म्हणायचे, सगळ्यांच्या हाताला काय चव आहे. घरातली माणसं भोवती बसून आमच्याबरोबर तेच खायची. पोरं अंड्यासाठी भांडायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच घरी फॉर्म घेऊन बसायचो. चौदा पानी फॉर्मच्या मध्यावर कुठेतरी प्रश्न होता: काल दिवसभरात घरात काय काय शिजलं आणि घरच्यांनी काय काय खाल्लं? काक विचारायची, बाई सांगायची आणि मी खुणा करायचे. भात, मासे, डाळीचे पदार्थ, पालेभाजी, इतर भाज्या, अंडी, फळं. समोर खुणा करणारी मी आणि काल ते खाणारी मी एकच होते, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. उकाडा होता, फॉर्म लांब होता, पाठ दुखत होती. डोळे होते, पण ते कागदावर होते.

ते लक्षात आलं सिंगापुरात, तीन आठवड्यांनी. विद्यापीठातल्या खिडकी नसलेल्या खोलीत मी माहिती संगणकात भरत होते. त्या एका प्रश्नाखाली माझ्या वस्तीच्या प्रत्येक घरासमोर सगळ्या रकान्यांत ‘होय’ आलं होतं. दुसऱ्या तुकडीच्या दोन्ही वस्त्यांत भात आणि मासे सोडले तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’. मी आधी खूश झाले की माझी माणसं बरं खातात. मग टोफूच्या रकान्यावर थांबले. वस्तीतल्या त्या एकुलत्या एका दुकानात टोफू मिळत नव्हता, हे मला माहीत होतं, कारण दुकानाची यादीही मीच केली होती. टोफू शहरातून बोटीने आणावा लागतो. तो आणला कुणासाठी?

मी कपाळाला हात लावून बसले. आमच्या पद्धतीत हा प्रश्न साधा नव्हता. घरात जितक्या प्रकारचं अन्न, तितकं घर सुस्थितीत, असं धरून त्याला भरपूर वजन दिलेलं होतं. म्हणजे माझ्या शाकाहारामुळे आणि माझ्या चांगल्या वळणामुळे ती वस्ती कागदावर तिन्हींत खाऊनपिऊन सुखी ठरत होती. दुसरी तुकडी शहरातल्या लॉजवर राहायची, डबे घेऊन जायची आणि दारात उभं राहून प्रश्न विचारून परत यायची. त्यांना मी मनातून नावं ठेवली होती. त्यांची माहिती खरी होती.

प्रकल्पाचे प्रमुख एक वयस्कर प्राध्यापक होते. माणूस वाईट नव्हता, मला त्यांनी कधी तोडून बोललेलं आठवत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “परत जाऊन विचारायला पैसे नाहीत आणि देणगीदारांची बैठक पंधरवड्यावर आली आहे.”

मी म्हणाले, “तो एक प्रश्न तिन्ही वस्त्यांतून काढून टाकू या.”

“आणि कारण काय देणार? की संशोधिका त्या गावात जेवली, तिची तिथल्या लोकांशी मैत्री झाली आणि आता तिला निकाल बदलायचा आहे? ते हेच वाचतील.” मग ते म्हणाले, “तळटीप घाला. स्पष्ट घाला.”

मला भांडता आलं असतं. माझ्याकडे मुद्दे होते आणि ते बरोबर होते. पण त्याच महिन्यात माझा करार वाढायचा होता आणि त्यावर सही त्यांची होती. त्यांनी तसं सुचवलंही नाही, त्यांच्या मनातही नसेल. माझ्याच मनात होतं. वुडलँड्सच्या खोलीचं भाडं, घरी वडिलांची औषधं, पुण्यात माझ्या वयाच्या बाईला कोण नोकरी देतंय, हे सगळं माझ्या डोक्यात तयारच होतं. मी बरं म्हणाले. तळटीप लिहिली. चार ओळींची, बारीक अक्षरात, पान एक्केचाळीसच्या तळाशी. लिहिताना मी शब्द न् शब्द पारखून घेतला. त्या टिपेबद्दल मला कुणीही कधी काही विचारलं नाही.

यंत्र दुसऱ्या वस्तीला गेलं. त्यांनाही त्याची गरज होतीच. ती माणसं काही लबाड नव्हती आणि त्यांच्या बायकाही बाहेर जातच होत्या. मी स्वतःला हे पुष्कळदा समजावलं. माझा करार एका वर्षाने वाढला. घरमालकिणीने त्या दिवशी शिरा केला होता, तो मी खाल्ला आणि लवकर झोपले.

पुढे दीड-दोन वर्षं मी दुसरे प्रकल्प केले, दुसऱ्या याद्या. पाय दुखायचे ते दुखतच होते. मग एका दुपारी फोनवर संदेश आला: ‘काक, मी सिंगापुरात आले. बेडोकला काम. महिन्यातून दोन रविवार सुट्टी.’ खाली तिने हसऱ्या चेहऱ्याचं एक चिन्ह टाकलं होतं. मुलगी आता पाच वर्षांची झाली असणार, हे मी बोटांवर मोजून पाहिलं. मोजायची काही गरज नव्हती.

रविवारी सकाळी मी बेडोकच्या हॉकर सेंटरला गेले. वुडलँड्सहून बेडोक म्हणजे बेटाच्या या टोकाहून त्या टोकाला. सगळ्या वाटेत मी काय बोलायचं ते मनात घोळवत होते. ती आधीच येऊन बसली होती. केस कापलेले, अंगाने वाळलेली, टीशर्ट इस्त्रीचा. मला बघून ती चटकन उठून उभी राहिली आणि म्हणाली, “गुड मॉर्निंग, मॅम.” मग तिचं तिलाच हसू आलं. “सवय लागली, काक. चार महिने झाले, सुट्टी आत्ता मिळायला लागली.”

मला हसता आलं नाही. मी दोन चहा आणले. काम कसं आहे, म्हणून विचारलं. दोन मुलं, एक म्हातारी, कुत्रा. माणसं बरी आहेत, म्हणाली. म्हातारीला रात्रीतून तीनदा उठवावं लागतं, म्हणून झोप होत नाही. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मुलगी सासूकडे. निघताना मुलीला नीट समजावलं होतं, नकाशा काढून दाखवला होता, तरी बोट सुटली तेव्हा ती धक्क्यावर पालथी पडून रडली. हे सांगतानाही तिचा आवाज तोच, भाव सांगतानाचा.

मी तिला सगळं सांगितलं. जेवणाच्या पाळ्या, वेळापत्रक, तो प्रश्न, तळटीप, माझा करारसुद्धा. काही लपवलं नाही. “बर्फ तुम्हाला मिळाला नाही ती माझी चूक होती,” मी म्हणाले. “मला त्याची फार लाज वाटते.”

ती चहातली साखर ढवळत होती. “मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“केव्हापासून?”

“पहिल्या घरापासून. तुम्ही विचारलंत काल काय शिजलं, आणि काल तर तुम्हीच तिथे जेवलात. मला वाटलं, काक किती शिकलेल्या आहेत, त्यांना कळत असेलच. काहीतरी मोठी पद्धत असेल.”

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“ती बाई समोर बसलेली होती ना.” तिने माझ्याकडे पाहिलं. “माझ्या नवऱ्याची काकी लागते. टोफूसाठी तिने शेजारणीकडून पैसे घेतले होते. तिच्या घरात, तिच्या तोंडावर मी सांगू, की हे लोक असं खात नाहीत, तुमच्यासाठी उसनवारी करून केलंय? पाहुण्यांना असं सांगतात का?”

आमच्याकडेही सांगत नाहीत.

“मग दुसरं घर माझ्या मैत्रिणीचं. एकीचं झाकलं आणि दुसरीचं कसं उघडं करणार? आणि नंतर तुम्ही माझ्या घरी आलात. तेव्हा तर भाषांतरही नव्हतं. तुम्ही मलाच विचारलंत आणि मीच उत्तर दिलं. अंडी, शेंगा, पपई. खोटं नाही बोलले. त्या दिवशी तेच शिजलं होतं.” तिने चमचा खाली ठेवला. “नवरा मागे उभा होता. त्याला कळत होतं बर्फ जातोय. तोसुद्धा गप्प बसला.”

मला रडायला येईल असं वाटलं, पण आलं नाही. फार दमल्यासारखं झालं. वाटलं, तिने माझ्यावर ओरडावं, चार माणसांत काहीतरी लागेल असं बोलावं, म्हणजे मला जरा बरं वाटेल. पण ती उठली, आमचे रिकामे कप उचलले आणि टेबल पुसायच्या कपड्याने टेबलही पुसून आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

परत बसल्यावर तिने फोन काढला. तिकडे रविवारी या वेळेला मुलगी धक्क्याच्या टोकाला येऊन थांबायची, कारण वस्तीत तेवढ्याच जागी फोन नीट लागायचा. पडद्यावर पोरगी आली. दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. आईला पाहून ती भराभर काहीतरी बोलत सुटली. काक हसत हसत उत्तरं देत होती. मला भाषा अर्धीमुर्धी समजायची. इथे फार छान आहे, मी पोटभर जेवते, भरपूर झोपते, असं ती मुलीला सांगत होती, तेवढं कळलं.

मग तिने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली. “काक, एक काम करा. मी तिला सांगितलंय की बर्फाचं यंत्र येणार आहे आणि तुम्ही त्याचं काम बघताय. ते आलं की मी घरी येणार. तिला विश्वास बसत नाही. तुम्ही एकदा सांगा.”

“काक, हे खरं नाही.”

“मला माहीत आहे. तिला थांबायला काहीतरी हवं ना.”

तिने माझ्या उत्तराची वाट न पाहता फोन माझ्यासमोर धरला. पोरगी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला मी आठवत नव्हते. “बर्फवाली मावशी?” तिने विचारलं. मागे पाणी होतं आणि वाळत घातलेली मासळी. “बर्फ येणार?”

तळटीप लिहिताना मी प्रत्येक शब्दाची पारख केली होती. इथे मला एकच शब्द लागला आणि तो मला त्यांच्या भाषेत येत होता. मी हो म्हणाले.

पुढे सुट्टीच्या रविवारी काक मला बोलवायची आणि मी जायचे. कधी बेडोकला, कधी ती तोआ पायोहला जुन्या ओळखीच्या बायकांकडे आली की तिथे. जाण्याचा कंटाळा यायचा, हे खोटं कशाला बोलू. आठवडाभराच्या ये-जा करण्याने जीव मेटाकुटीला आलेला असायचा आणि रविवारी पुन्हा एमआरटी. पण गेले नाही असं झालं नाही. दर वेळी फोन माझ्यासमोर यायचा, दर वेळी पोरगी तेच विचारायची आणि मी तेच सांगायचे. पुढे तिला तपशील लागायला लागले. यंत्र केवढं आहे? कुठल्या बोटीने येणार? ते ठेवणार कुठे, मशिदीजवळ की शाळेजवळ? मी तिला सांगायचे, मोठं आहे, म्हणून वेळ लागतोय. शाळेजवळ ठेवू. एकदा तिने वहीच्या पानावर ते यंत्र काढून दाखवलं. काकने त्या चित्राचा फोनवर फोटो काढून ठेवला.

माझा करार संपत आला तेव्हा काकचा दुसरा करार सुरू झाला होता. पोरगी दुसरीत गेली होती आणि तिला दात आले होते. त्या सुमाराला, नेमकं कधी ते मला सांगता येणार नाही, तिने बर्फाचं विचारणं बंद केलं. पहिल्यांदा मला वाटलं विसरली असेल. पुढच्या खेपेलाही विचारलं नाही, त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. काकच्या ते लक्षात आलं होतं, पण ती काही बोलली नाही आणि मीही विषय काढला नाही.

फोन मात्र माझ्यासमोर यायचाच. पोरगी आता सरळ बसायची, मोठ्या माणसासारखा आवाज काढायची आणि म्हणायची, “मावशी, बरी आहेस ना? जेवलीस?”

मी म्हणायचे, हो, जेवले. मग ती म्हणायची, इकडेही सगळं ठीक आहे, आम्हाला काही कमी नाही.